गच्चीवरची जुनी जकुझी काढताय? आधी हे वाचा

बेंगळुरूकरांनो, मार्च 2024 च्या पाणीटंचाईत जलमंडळाने पोहण्याच्या तलावांत पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली आणि दंड ठेवला 5000 रुपये. तेव्हापासून तुमची जकुझी धूळ खात पडली असेल. ती काढायची असेल तर क्रम असा ठेवा:

🔌 आधी वीज. हीटरची लाइन वेगळी असते. तिचा एमसीबी पाडून वायर इलेक्ट्रिशियनकडूनच सोडवून घ्या.

💧 मग पाणी. 1000 लिटर म्हणजे 1 टन वजन, म्हणून टब रिकामा करावाच लागतो! झाकण काढून काही दिवस ऊन खाऊ द्या, क्लोरीन उडून जातं. तोवर पाणी झाडांना घालू नका.

🪚 मग कापणी. टब लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून ग्राइंडरने तुकडे करावे लागतात. वरून चकचकीत ॲक्रिलिक, खाली फायबरग्लास. त्याची पूड अंगाला लागली की खाज सुटते. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

♻️ मोटर-पंपातल्या तांब्याला भंगारवाला चांगला भाव देतो. फायबरचे तुकडे मात्र तो घेत नाही. ते जाळू नका, रिकाम्या प्लॉटवरही टाकू नका. पालिकेच्या कचरा विभागाला विचारूनच टेम्पो बोलवा.

शेवटी गच्चीचं वॉटरप्रूफिंग तपासा. पावसाळ्याआधी!