जहाजावर तुम्ही, घरी आई-वडील

मुंबईहून लक्षद्वीपकडे निघालेले प्रवासी जहाज किनाऱ्यापासून दूर गेले, की भ्रमणध्वनीची रेंज संपते. पुढे उरते ते उपग्रहावर चालणारे जहाजाचे वायफाय किंवा महागडे सागरी रोमिंग. आपले नेहमीचे रिचार्ज तेथे उपयोगी पडत नाही. साताऱ्यात वा सांगलीत इन्सुलिन घेणारे वडील मागे ठेवून निघणार असाल, तर हे आधी ध्यानात घ्या. मुलाचा फोन आला नाही या काळजीने, इन्सुलिन टोचून न जेवता बसलेले वृद्ध मी तपासले आहेत. रक्तातील साखर 70 च्या खाली गेली, की घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. शुद्ध असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता 108 ला कळवावे. एवढे शेजाऱ्यांना शिकवूनच निघा. जहाजाचे नाव, खोलीचा क्रमांक, बंदरांच्या तारखा औषधांच्या डब्यावर चिकटवा. आणि ‘रोज फोन करीन’ असे वडिलांना सांगू नका. ‘बंदराला लागल्यावर करीन, तोवर वेळेवर जेवा’ एवढेच सांगा.