छातीतली जळजळ आणि वजनाचे ऑपरेशन

'पित्त झाले आहे' असे म्हणत आपल्या घरांतल्या कितीतरी आयाबहिणी वर्षानुवर्षे ओवा चघळतात, सोडा पितात, दुकानातून गोळी आणून गिळतात. रात्री आडवे झाले की छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, पहाटे कोरडा खोकला. सकाळी कामावर जायचे असते, म्हणून दवाखाना राहून जातो. वजन फार वाढलेले असेल तर या दुखण्यामागे हायटस हर्निया असू शकतो. हर्निया म्हटले की जांघेतला किंवा बेंबीचा आठवतो. हा मात्र बाहेरून दिसत नाही.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. त्यातल्या छिद्रातून अन्ननलिका खाली उतरून जठराला मिळते. पोटातली चरबी आतून सतत दाब देते, छिद्र सैल होते आणि जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. मग आम्ल वर यायला वाट मोकळी होते.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नागपूरकरांनी ऐकलेली आहे. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ती करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली होती. ही मोठ्या लोकांची हौस, असे अनेकजण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ८८ किलो झाले, सोबत मधुमेह आणि गुडघेदुखी आली, तर तिच्यासाठी तो उपचारच आहे.

परंतु ऑपरेशनआधी दुर्बिणीने अन्ननलिका व जठर तपासून घ्यावे, हा आमचा आग्रह आहे. मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात पोटविकारांचा विभाग आहे. हर्निया आढळला तर त्याच भुलीत, त्याच छिद्रांतून तो दुरुस्त करता येतो. वर सरकलेले जठर खाली ओढतात, अन्ननलिका मोकळी करतात आणि पडद्याच्या दोन्ही कडा टाक्यांनी जवळ आणतात. कधी कधी तपासणीत न दिसलेला हर्निया ऑपरेशनच्या वेळीच दिसतो. म्हणून 'सापडला तर काय कराल?' हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

खरा प्रश्न कोणते ऑपरेशन, हा आहे. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून बारीक नळी ठेवतात. त्या नळीत दाब वाढतो आणि जळजळ काहींना नव्याने सुरू होते, काहींची वाढते. एरवी हर्नियाच्या ऑपरेशनात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून आम्ल अडवतात. स्लीव्हमध्ये तोच भाग काढलेला असतो. जळजळ जुनी व तीव्र असेल तर डॉक्टर बहुधा 'बायपास' सुचवतात. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात, आम्ल बनवणारा मोठा भाग बाजूला पडतो. टाके घातले तरी हर्निया पुन्हा होऊ शकतो, हेही ऐकून ठेवावे.

पैशाचे बोलायलाच हवे. खासगी विम्यात वजन व उंचीवरून काढलेला बीएमआय ४० असावा, किंवा गंभीर आजारासह ३५ असावा, अशी अट साधारणपणे असते. आमच्या उदाहरणातल्या बाईचा ३८ येतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कार्ड असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आपले ऑपरेशन यादीत आहे का ते विचारावे. दलालाच्या तोंडी हमीवर दागिने गहाण टाकू नयेत.

गिळताना अडकत असेल, शौचास काळे होत असेल किंवा उलटीत रक्त दिसत असेल तर थांबू नये. छातीत दुखून घाम फुटला तर ते पित्त समजू नये. आधी हृदयाची पट्टी काढावी.

ऑपरेशननंतर सुरुवातीचे काही आठवडे पातळ, मग मऊ अन्न. सावजीचा रस्सा लांबच राहिला. डाळीचे पाणी, पुढे अंडे, घोट घोट पाणी. लोह, कॅल्शियम, बी-१२ यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभराच्या आहेत, त्यांचा महिन्याचा खर्च आधीच धरावा. खर्रा आणि बिडी ऑपरेशनआधीच सुटायला हवी, कारण तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. आणि सुमारे दीड महिना पाण्याचा हंडा, गॅसचे सिलिंडर उचलायचे नाही. त्या दिवसांत घरचे पाणी कोण भरणार, हे नवऱ्याने आणि मुलांनी ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच ठरवावे.