अ‍ॅम्पचे कान पिळताना

बेस गिटारची केबल अ‍ॅम्पमध्ये खोचली, स्विच टाकला. अजून तारेला बोटही लावलेलं नाही, तरी एक सूर ऐकू येतोय. घुंऽऽऽ. आता सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवा आणि वाजवा. जवळजवळ तोच सूर! तो ‘जी’ आहे, ४९ हर्ट्झचा. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, त्यामुळे भारतातले सगळे अ‍ॅम्प ‘जी’च्या आसपासच गुणगुणतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हीच गुणगुण ‘बी’च्या जरा खाली लागते.

ही घुंघुं थोडीशी असेल आणि तारांना हात लावल्यावर कमी होत असेल, तर काळजी नको. तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात, ते काम करतायत एवढाच त्याचा अर्थ. पण हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या, तर तिथेच थांबा. स्विच बंद, पिन बाहेर. ‘बारीकसा करंट आहे रे, होतं असं’ म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याचं ऐकू नका. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये स्वान्सी इथे भर स्टेजवर गेला. नीट अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. आपल्याकडे तर जूनपासून चार महिने भिंती ओल्या, पाय ओले, आणि जुन्या घरातल्या कितीतरी सॉकेटना तिसरं भोक फक्त नावाला असतं. म्हणून अ‍ॅम्पवर पैसे घालवायच्या आधी वायरमनला बोलावून ज्या खोलीत प्रॅक्टिस करणार, तिथलं अर्थिंग तपासून घ्या. अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी, जाड पिन कोणी कापून टाकली असेल, तर तो अ‍ॅम्प फुकट मिळाला तरी तसाच लावू नका. आणि गाणाऱ्याचा माइक ज्या मिक्सरला जोडलाय, तो मिक्सर आणि तुमचा अ‍ॅम्प एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या.

हे झालं की मग मजा.

गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला येणारा अ‍ॅम्प बहुतेक वेळा कोणाचा तरी सेकंडहँड कॉम्बो असतो, म्हणजे स्पीकर आणि अ‍ॅम्प एकाच खोक्यात. समोर सात-आठ नॉब. पहिल्यांदा हात लावताना सगळ्यांचं एकच होतं : ‘बेस’ लिहिलेला नॉब फुल्ल. बेस गिटार आहे म्हटल्यावर बेस वाढवणारच की! माडीवर एकटे वाजवत असाल तर भारी वाटतं, छातीत धडधडतं. मग ड्रमर येतो, दोन गिटारवाले येतात, कीबोर्डवाला डाव्या हाताने खर्जात कॉर्ड दाबून बसतो आणि तुमचा बेस गायब. आवाज आहे, पण नुसता चिखल. सूर कुठला, ते तुमचं तुम्हालाही कळत नाही. अशाच चिखलात माझा एक अख्खा गॅदरिंगचा आयटम बुडालेला आहे. खाली उतरल्यावर मित्राने प्रेमाने विचारलं, ‘तू होतास का स्टेजवर?’

त्याचं कारण असं. बेसची मोकळी सोडलेली सगळ्यात जाड तार ‘ई’, साधारण ४१ हर्ट्झ. त्यानंतरची ‘ए’ ५५, मग ‘डी’ ७३, आणि ‘जी’ ९८. ड्रमरच्या पायाखालचा मोठा ड्रमही याच भागात धडधडत असतो. तिथे दोघांनी गर्दी केली की दोघंही ऐकू येत नाहीत. कानाला सूर ओळखू येतो तो त्याच्या वरच्या हार्मोनिक्समधून, साधारण २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यातून. म्हणजे ‘मिड’ नॉबचा इलाका. करून बघा. सगळे नॉब मध्यावर, घड्याळात बारा वाजल्यासारखे. बँडला वाजवू द्या आणि फक्त मिड हळूहळू उजवीकडे न्या. एका जागी तुमची ओळ धुक्यातून एसटी बाहेर यावी तशी समोर येते. एकट्याने ऐकला तर हा आवाज जरा नाकातला, कोरडा वाटेल. वाटू दे. तो एकट्यासाठी नाहीच.

काही अ‍ॅम्पवर मिडला दोन नॉब असतात, एक कुठल्या जागी आणि एक किती. हा प्रकार मिळाला तर अर्धा तास त्यावरच घालवा. ‘शेप’ किंवा ‘कॉन्टूर’ नावाचं बटण दिसलं तर मात्र सावध राहा. त्यातली बरीचशी बटणं मिड खाली दाबतात आणि खालचं-वरचं उचलतात. दुकानात आवाज झकास, बँडमध्ये पुन्हा चिखल.

गेन आणि व्हॉल्यूम यातला गोंधळ विहिरीच्या पंपावरून लगेच सुटतो. गेन म्हणजे टाकीत पाणी किती चढवायचं ते, व्हॉल्यूम म्हणजे नळ. टाकी कमी भरली तर नळ कितीही सोडा, धार बारीकच, वर सूंऽऽ असा आवाज वाढतो तो वेगळा. टाकी ओसंडली की सूर फाटतो. लाल दिवा असेल तर सगळ्यात जोराचा फटका मारल्यावर तो जेमतेम लुकलुकेल इतपत गेन ठेवा. बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर ती ‘अ‍ॅक्टिव्ह’, तिचा सिग्नल तगडा. तिच्यासाठी वेगळं भोक किंवा बटण दिलेलं असतं.

मुद्दाम फाडायचा असेल तर ‘ड्राइव्ह’. आपल्याला वाटतं हा रॉकवाल्यांचा नॉब. पण तंबोरा जुळवताना बघितलाय का कधी? तारेखाली दोरा सरकवत, जवारी नेमकी लागेपर्यंत वादक थांबत नाही. जवारी लागली की त्या एका खर्जातून वरचे किती सूर झळकायला लागतात! ड्राइव्हसुद्धा मूळ सुरावर हार्मोनिक्स चढवतो. थोडासाच, घड्याळात नऊपर्यंत. एवढ्यानेही लहान स्पीकरमधून बेस ऐकू यायला लागतो. आठ इंची स्पीकर ४१ हर्ट्झ धड देऊच शकत नाही, पण ८२, १२३ देतो आणि खालचा सूर आपला मेंदू स्वतःच भरून घेतो. मोबाइलवर गाणं लावलं तरी बेसची ओळ ओळखता येते, ती याच जादूने.

आता खोली. ४१ हर्ट्झची एक लाट सव्वाआठ मीटर लांब असते, म्हणजे तुमच्या खोलीपेक्षा मोठी. खोली दहा फुटांची असेल तर साधारण ५६ हर्ट्झला ती स्वतःच घुमते. मोकळी ‘ए’ वाजवली की पत्र्याचं कपाट थरथरतं आणि बाजूचा ‘जी’ मात्र मरतुकडा, हा दोष ना अ‍ॅम्पचा ना बोटांचा. बारा फुटी खोलीत हाच खेळ ‘एफ शार्प’वर होतो. अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढा, खुर्चीवर ठेवा, दोन फूट इकडे-तिकडे सरकवा. फुकटात नवा अ‍ॅम्प घेतल्यासारखं होतं. माझ्या अनुभवात कौलारू घरात हा त्रास कमी, आवाज निघून जातो. स्लॅबच्या खोलीत तो कोंडतो.

निघून गेलेला आवाज शेजाऱ्यांकडे जातो, हे ओघाने आलंच. शिमग्यात पालखी दोन वाड्या पलीकडे असते तेव्हा आधी ढोल ऐकू येतो, ताशाची तडतड खूप नंतर. खालचे सूर भिंतींना आणि माडांना जुमानत नाहीत. निवासी भागासाठी कायद्याने आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. दहानंतर हेडफोनचं भोक वापरा, बहुतेक अ‍ॅम्पमध्ये ते लावलं की स्पीकर बंद होतो. ‘ऑक्स’मध्ये मोबाइल जोडून गाण्याबरोबर वाजवा. मुंबईची मोहिनी डे कशी वाजवते, ते एकदा हेडफोन लावून ऐकाच. फोनच्या स्पीकरवर अर्धंच कळतं.

हळू आवाजात पक्कं केलेलं सेटिंग स्टेजवर मात्र बिघडतं. आपल्या कानाला हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून घरी आपण बेस चढवून ठेवतो. स्टेजवर आवाज मोठा झाला की तोच बेस अंगावर येतो. सावरकर नाट्यगृहासारख्या जागी वाजवणार असाल तर तिथे बेस थोडा उतरवूनच सुरुवात करा. साउंडवाले दादा तुमच्या अ‍ॅम्पच्या मागे केबल लावतील, ती ‘डीआय आउट’ला. शेजारी ‘प्री’ आणि ‘पोस्ट’ असं बटण असतं. ‘प्री’वर ठेवलं तर तुम्ही नॉबशी कितीही खेळा, हॉलमधला आवाज बदलत नाही आणि दादांचे शिव्याशाप वाचतात. अशा ठिकाणी तुमचा अ‍ॅम्प मुख्यतः तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी. लोकांना ऐकवायला मोठे स्पीकर आहेत.

म्हणून वॉटच्या आकड्याला फार भुलू नका. ५० वॉटपेक्षा १०० वॉट दुप्पट मोठा वाजत नाही, फरक फक्त तीन डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. १९६९ मध्ये आलेला अँपेगचा एसव्हीटी ३०० वॉटचा, आठ-आठ स्पीकरच्या कपाटाएवढ्या खोक्यांवर चालणारा. तो स्टेडियमसाठी. तुम्हाला मारुती मंदिरहून रिक्षात घालून आणायचाय. आणि हो, गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये बेस लावला म्हणून लगेच काही फुटत नाही, आवाज हळू ठेवा म्हणजे झालं. जोरात लावलात तर स्पीकरचा कोन फाटू शकतो. उलटा प्रवास मात्र छान जमतो. १९५२ मध्ये फेंडरने खास बेससाठी ‘बेसमन’ अ‍ॅम्प काढला, तो गिटारवाल्यांनीच पळवला आणि जिम मार्शलचा पहिला अ‍ॅम्पही त्याच्यावरूनच बेतलेला.

सेकंडहँड घ्यायला जाताना स्वतःचा बेस आणि स्वतःची केबल न्या. प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, बऱ्याचदा ती धूळ आणि दमट हवा असते, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. पण खरखरीचा हवाला देऊन हजारभर कमी करून मागायला काय हरकत आहे? मागचे स्क्रू आणि जॅक बघा. समुद्राजवळ राहिलेल्या अ‍ॅम्पला गंज लपवता येत नाही. मोकळी ‘ई’ जोरात वाजवा आणि स्पीकरजवळ कान न्या. सुराबरोबर फरफर किंवा टकटक असेल तर उठा. अमेरिकेतून कोणाच्या काकांनी आणलेला असेल तर मागची पट्टी वाचा. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० वर सरळ लावला तर तुमचे पैसे एका सेकंदात धूर होतील.

सेटिंग जमलं की नॉबचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी कोणीतरी बेस फुल्ल केलेला असणारच. आणि पावसात वाजवता वाजवता लाइट गेली तर आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा, स्विच बंद करा, पिन काढा, मग अंधारात चहाला जा. लाइट परत येते ती गचके देत. दोन मिनिटं टिकली, मिक्सर-पंखे सुरळीत चालले, की मग पिन खोचा.