‘पुल द प्लग’ म्हणजे नेमका कुणी कुणाचा प्लग काढायचा?

नवीन नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. कॉलवर मॅनेजर म्हणाला, ‘वी आर पुलिंग द प्लग ऑन धिस मॉड्यूल.’ मला वाटलं, सर्व्हर बदलतायत. दुपारी कळलं, माझं तीन महिन्यांचं काम कायमचं बंद!

तर ‘पुल द प्लग ऑन’ म्हणजे चालू गोष्टीचा आधार काढून घेऊन ती बंद पाडणं. आधार पैशाचा असेल, परवानगीचा असेल. आमच्या सणसरच्या भाषेत सांगतो. स्टार्टरचं लाल बटण दाबून मोटार आपण बंद केली, तर ते साधं ‘स्टॉप’. पण वायरमनने डीपीवरचा फ्यूजच काढला तर? मोटार धडधाकट, विहिरीत पाणी, ऊस तहानलेला, आणि आपल्या हातात काहीच नाही. हे झालं ‘पुल द प्लग’. म्हणून मराठीतलं ‘गाशा गुंडाळणे’ इथं नीट बसत नाही. गाशा आपला आपण गुंडाळतो.

एप्रिल 2019 मध्ये सामान्य वापरकर्त्यांचं गुगल प्लस बंद झालं. तिथं ‘गुगल पुल्ड द प्लग ऑन गुगल प्लस’ हे बरोबर. ‘ऑन’ विसरू नका. तंबाखू सोडली तर मात्र ‘क्विट’, आणि आजच्यापुरतं काम आवरलं तर ‘कॉल इट अ डे’.

हाच प्रयोग दवाखान्यातही ऐकू येतो, व्हेंटिलेटर काढण्यासाठी. तिथं जरा थांबा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला, त्यानंतर त्या कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. पिंकी विराणी यांनी त्यांच्या दयामरणासाठी सुप्रीम कोर्टात याचिका केली. पण काढायला प्लग होताच कुठं? तेव्हा त्या व्हेंटिलेटरवर नव्हत्या. केईएमच्या परिचारिका त्यांना हाताने भरवत होत्या. त्यांचा आधार म्हणजे ही माणसं, आणि त्यांचा याचिकेला विरोध होता. 7 मार्च 2011 ला कोर्टाने याचिका फेटाळली. अरुणाताईंच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं म्हटलं. त्याच निकालात इतर रुग्णांचे उपचार थांबवायला हायकोर्टाच्या परवानगीने वाट मोकळी केली. अरुणाताई 18 मे 2015 ला गेल्या.

त्यामुळे ऑफिसात, प्रोजेक्टबद्दल, ‘पुल द प्लग’ बिनधास्त वापरा. पण कुणाचं माणूस आयसीयूत असेल तर त्यांच्यासमोर नको, फार कोरडं वाटतं. तिथं ‘विथड्रॉ लाइफ सपोर्ट’ म्हणतात.