सी हॅरियर : दाबोळीचे पांढरे वाघ

ओळख : ब्रिटिश बनावटीचे नौदल लढाऊ विमान. पेगॅसस इंजिनाच्या चार फिरत्या तोट्या झोत खाली वळवत; त्यामुळे ते जहाजावर सरळ खाली उतरे.

कसोटी : १९८२चे फॉकलंड युद्ध. हवाई झुंजीत एकही सी हॅरियर पडले नाही.

भारतात : डिसेंबर १९८३मध्ये पहिली तीन विमाने गोव्यात दाबोळीला उतरली, त्याच महिन्यात विमानवाहू नौका ‘विक्रांत’वरही.

पथक : आयएनएएस ३००, ‘व्हाइट टायगर्स’. याच पथकाच्या सी हॉक विमानांनी १९७१मध्ये चितगाव, कॉक्स बझारवर हल्ले चढवले होते.

उड्डाण : ‘विक्रांत’ आणि ‘विराट’ या विमानवाहू नौकांच्या नाळेवरील चढावरून. धावपट्टी आखूड असली तरी भागे.

निरोप : मे २०१६, आयएनएस हंसा हा नौदल तळ, दाबोळी. जागा मिग-२९केने घेतली. पथकाचे नाव तेच राहिले.