रस्त्यावरचे स्थानक

मुंबईच्या अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून जाताना मान वर केली, तर मेट्रोची स्थानके रस्त्यावर छत्र धरल्यासारखी उभी दिसतात. घाटकोपर ते वर्सोवा हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. त्यावरील बाराही स्थानके अशी खांबांवर आहेत.

दुतर्फा घरे-दुकाने दाटलेल्या रस्त्यावर स्थानकाला जमीन मिळावयाची कोठून? म्हणून खांब रस्त्याच्या मध्यभागी रोवावयाचे आणि इमारत त्यांच्यावर तोलावयाची. खालून वाहने जाण्यासाठी साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते. तिच्यावर तिकीटघराचा मजला आणि त्याच्याही वर रूळ व फलाट. म्हणजे गाडी गाठावयाची तर तीन-चार मजले चढणे आलेच. तिकीटघराच्या मजल्याचे फाटकांमुळे दोन भाग पडतात : अलीकडचा सर्वांसाठी, पलीकडचा केवळ तिकीटधारकांसाठी. रस्त्याच्या दोन्ही अंगांचे जिने जेथे अलीकडच्या भागात एकत्र येतात, तेथे तो भाग पादचारी पूलही होऊ शकतो. ही सोय जवळजवळ फुकट पदरात पडते. तिची जाणीव मात्र फार थोड्यांना असते.

फलाट रुळांच्या दोन बाजूंस ठेवावा की दोन रुळांच्या मध्ये, हा स्थापत्यकारापुढचा खरा प्रश्न. मध्यभागी एकच फलाट असेल, तर जिने व उद्वाहक दोहोंकडच्या प्रवाशांना सामाईक होतात आणि चुकीच्या दिशेला आलेल्या माणसाला नुसती पाठ फिरवून उभे राहिले की पुरते. परंतु त्यासाठी दोन्ही रूळ स्थानकापूर्वीच एकमेकांपासून दूर न्यावे लागतात, पूल रुंदावतो आणि खर्च वाढतो. फलाट बाजूंना ठेवले, तर रूळ सरळ राहतात. मात्र जिने दुप्पट लागतात आणि चुकलेल्याला एक मजला उतरून पुन्हा चढावे लागते. उन्नत मार्गांवर बहुधा हीच दुसरी रचना पत्करलेली आढळते. त्यात पैशाचा हिशेब प्रवाशाच्या पायांवर मात करतो, हे मान्य केलेच पाहिजे.

पण सर्वांत मोलाची गोष्ट आहे ती जिन्याची रुंदी. सबंध फलाट ४ मिनिटांत रिकामा व्हावा आणि ६ मिनिटांत माणूस सुरक्षित जागी पोहोचावा, असा अमेरिकेतील एका अग्निसुरक्षा-मानकाचा दंडक आहे. हा आकडा केवळ कागदाचा नव्हे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतच, त्या वेळी एल्फिन्स्टन रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपनगरी स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे प्राणास मुकली. पाऊस पडत होता, लोक आडोशाला थांबले होते, मागून गर्दी येतच होती आणि जिना अरुंद होता. तो पूल मेट्रोचा नव्हे. पण उंचावरून उतरणाऱ्या गर्दीचा स्वभाव सगळीकडे एकच.

जिना खाली जेथे टेकतो, तेथे आणखी एक अडचण निघते. पदपथ आधीच चिंचोळा. त्यातच जिन्याचा पाया आणि उद्वाहकाची खोली बसवावयाची. परिणामी ज्याला गाडीने जावयाचेच नाही, त्या पादचाऱ्याला वळसा घालून वाहनांच्या रस्त्यावर उतरावे लागते. चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाला उद्वाहक वरपर्यंत नेतो खरा, परंतु उद्वाहकाच्या दारापर्यंत त्याने यावयाचे ते याच पदपथावरून.