एकोणचाळीस अंकांची मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही संख्या मूळ आहे, हे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ साली दाखवले. २ चा १२७वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ती मिळते. २०२६ मध्ये या गोष्टीला दीडशे वर्षे होतात.

ती मूळ असल्याचे मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्येच लिहून ठेवले होते, पण सिद्धता दिली नव्हती. २ चा कितवा घात घेऊन १ वजा केला की मूळ संख्या मिळते, याची त्याने यादीच दिली होती. तिच्यातले ६७ आणि २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले. ६१, ८९ आणि १०७ तर त्याच्याकडून सुटलेच. १२७ मात्र बरोबर निघाला.

एकेक विभाजक तपासत जायचे म्हटले, तर या संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे वीस अंकी संख्येपर्यंत पोहोचावे लागते. विभाजक असलाच तर त्याला २५४ ने भागून बाकी १ उरायला हवी, हे ठाऊक असूनही एका आयुष्यात ते काम उरकणारे नव्हते. ल्युकांनी विभाजक शोधलेच नाहीत. त्यांनी पाहिले ते या संख्येच्या पुढच्या संख्येकडे. ती निव्वळ दोनांच्या गुणाकारातून बनलेली आहे, आणि तेवढ्या आधारावर त्यांची कसोटी उभी राहते. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

घातांक ७ घेऊन ही कसोटी वहीत करून पाहता येते. २ चा ७वा घात वजा १ म्हणजे १२७. ३ पासून सुरुवात करायची. दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि १२७ ने भागून बाकी ठेवायची. ३, ७, ४७, ४८, १६, ०. पाचव्या वर्गाला शून्य आले, म्हणजे १२७ मूळ. एकोणचाळीस अंकी संख्येसाठी असे १२५ वर्ग करावे लागतात. ल्युकांनी ते द्विमान पद्धतीने केले, १२७ गुणिले १२७ घरांच्या पटावर सोंगट्या मांडून. हनोईच्या मनोऱ्याचे कोडे घालणारे ते हेच.

ही संख्या ७५ वर्षे सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. १९५१ मध्ये फेरिए यांनी यांत्रिक गणकयंत्रावर ४४ अंकी संख्या सिद्ध केली आणि त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकाने ७९ अंकांपर्यंत मजल मारली. पुढचा वेग सर्वांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मूळ संख्येत ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. तिच्यावर शिक्कामोर्तब झाले तेही ल्युकांच्याच कसोटीच्या सुधारित रूपाने.

यंत्राच्या मदतीशिवाय, केवळ हाताने सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या मात्र आजही ल्युकांचीच आहे.